चिवटपणाचा हिशोब : ‘बारोमास’ पुन्हा वाचताना

जागतिक संस्थांच्या अहवालांत गेली काही वर्षं एक शब्द सारखा भेटतो : रेझिलियन्स. कोविड झाला, युक्रेनचं युद्ध झालं, व्याजदर चढले, अमेरिकेनं आयातशुल्काचा दांडपट्टा फिरवला, आणि तरीही अमुक देशाची वाढ ‘रेझिलियंट’ राहिली, असं वाक्य कुठल्या ना कुठल्या पानावर असतंच. मराठीत त्याचं कधी ‘लवचीक’ होतं, कधी ‘चिवट’, कधी ‘तग धरणारी’. मला हे तीन शब्द तीन वेगळ्या माणसांचे वाटतात. लवचीक माणूस वाकतो आणि परत सरळ होतो. चिवट माणूस तुटत नाही, एवढंच. आणि तग धरलेल्याचं पुढं काय होणार, ते अजून ठरायचं असतं.

माझ्या कामात हा शब्द रोजचा आहे. मी पुण्यात बॅकएंडचं काम करतो. सर्व्हर पडला, लोड अचानक दहापट झाला, तरी ॲप चालू राहिलं पाहिजे. त्यासाठी आम्ही आधीच ठरवून ठेवतो की ताण आला तर कुठला भाग बळी द्यायचा. पेमेंट चाललं पाहिजे. सूचना पाठवणारी सर्व्हिस तासभर मेली तरी चालेल. डॅशबोर्ड हिरवाच राहतो. त्यामुळे कुणी ‘सिस्टीम रेझिलियंट आहे’ म्हटलं की आमच्यातला कुणीही शहाणा माणूस पहिला प्रश्न विचारतो : काय पडू दिलंत?

हा प्रश्न डोक्यात असताना मी सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ दुसऱ्यांदा वाचली. पहिल्यांदा वाचली होती अमरावतीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, आणि तेव्हा ती मला शेतकऱ्याच्या दुःखाची कादंबरी वाटली होती. या वेळी ती मला धक्का कोण खातं याची कादंबरी वाटली. दुसऱ्यांदा वाचायचं कारण एक फोन होता.

माझे मामा अकोट तालुक्यात कास्तकार आहेत. 2025 च्या ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला. “काय रे, तो ट्रम्प आपल्यावर चिडला म्हणते. कापसाचं काय होईल? तुमाले तिकडं काय दिसून रायलं?” तिकडं म्हणजे इंटरनेटवर. मी म्हटलं, पाहतो आणि सांगतो. पाहिलं ते असं.

7 ऑगस्टपासून अमेरिकेनं भारतीय मालावर 25 टक्के शुल्क लावलं, 27 तारखेपासून आणखी 25. एकूण 50 टक्के. तिरुपूरचे होजिअरीवाले, सुरतचे, पानिपतचे, सगळ्यांच्या ऑर्डरी अडकल्या. सरकारला काहीतरी करणं भाग होतं. मग बाहेरून येणाऱ्या कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क 19 ऑगस्टपासून काढून टाकलं गेलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, आणि मग लगेच ती मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. कारण सरळ होतं : गिरणीला कच्चा माल स्वस्त मिळाला तर कपडा थोडा स्वस्त पडेल, निर्यातदार टिकेल.

आता वऱ्हाडातलं कॅलेंडर आठवा. दसऱ्याच्या आगेमागे पहिली वेचणी होते. दिवाळीला घरात पैसा लागतो, मग हरभऱ्याचं बियाणं, खतं, कृषी केंद्राची उधारी, सावकार. ज्याच्याकडे जमीन कमी, तो डिसेंबर उलटायच्या आत विकून मोकळा होतो. त्याला थांबणं परवडतच नाही. म्हणजे शुल्काची झडप नेमकी त्याच तिमाहीत उघडी राहिली, जेव्हा लहान कास्तकार बाजारात उभा असतो. जानेवारीत माल विकू शकणारा वेगळा, आणि तो बहुधा कास्तकार नसतो.

इथे सगळा दोष त्या अधिसूचनेवर ढकलणं सोपं आहे, पण खरं नाही. जगातले कापसाचे भाव आधीच पडलेले होते. आपला हमीभाव त्या वर्षी मध्यम धाग्याला क्विंटलमागे 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये होता, जगाच्या भावाच्या हिशोबात तो वरच होता. गिरणीवाल्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं : तिरुपूरच्या शिलाई मशीनवर बसणारी बाईही गरीबच आहे, आणि तिची नोकरी गेली तर तिला कुणी हमीभाव देत नाही. प्रश्न धक्का कुठे वळवला जातो, आणि दर वेळी तिकडेच का, हा आहे. 2022 आठवून पाहा. त्या हंगामात कापूस क्विंटलला 10,000 च्या वर गेला होता, वर्षानुवर्षांनी कास्तकाराच्या हातात पैसा खेळत होता. त्या एप्रिलमध्येही हेच शुल्क काढलं गेलं. भाव चढला तेव्हा झडप उघडली, निर्यात अडली तेव्हाही झडप उघडली. एकाच दिशेनं उघडणाऱ्या झडपेला आमच्याकडे डिझाइन म्हणतात. चूक एकदा होते.

‘बारोमास’ या सगळ्याच्या खूप आधीची. 2002 ची. तिला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून ती ‘शेतकरी आत्महत्यांच्या काळाची कादंबरी’ या फडताळात जाऊन बसली. सांजोळ नावाचं गाव, तनपुरे घर, शिकून बेकार असलेला एकनाथ, शेतीत राहायला तयार नसलेला भाऊ मधू, जुन्या वळणाचे वडील सुभानराव, आणि शहराकडून या घरात आलेली एकनाथची बायको अलका. देशमुख बुलढाणा जिल्ह्यातले, त्यामुळे संवादांतली वऱ्हाडी ही सजावटीसाठी आणलेली नाही. माणसं त्या भाषेत भांडतात, हिशोब करतात, गप्प बसतात.

या कादंबरीबद्दल बोलताना आपण नेहमी करुणेबद्दल बोलतो. मला तिच्यातली अर्थशास्त्राची समज जास्त अचंबित करते. एकनाथचं शिक्षण हा या घराचा विमा आहे. पाऊस चुकला, भाव पडला, तरी महिन्याच्या एक तारखेला एक पगार येईल, म्हणून घरानं शेतातला पैसा पोराच्या डिग्रीत घातला. अलकाच्या माहेरानंही त्याच विम्यावर डाव लावला : पोरगा शिकलेला आहे, आज ना उद्या नोकरी लागेल. पण नोकरीच पैसे मागते. शिक्षणसंस्थेत चिकटायचं तर आधी रक्कम मोजावी लागते, आणि ती रक्कम उभी करायचा एकच मार्ग घरापाशी आहे, तो म्हणजे तीच जमीन जिच्या जोखमीतून सुटण्यासाठी हा सगळा खटाटोप केला. विम्याचा हप्ता विमा उतरवलेल्या वस्तूतूनच भरायचा. पॉलिसी विकणाऱ्या कुठल्याही एजंटानं हे वाचलं तर तो हसेल. या घरात कुणी हसत नाही.

हा पेच कादंबरी कुठेही समजावून सांगत नाही. तो नवरा-बायकोच्या भांडणातून येतो. अलका तुटते, माहेरचा रस्ता धरते, आणि वाचणारा तिला स्वार्थी ठरवून मोकळा होऊ शकतो. मी पहिल्या वाचनात तेच केलं होतं. आता वाटतं की त्या घरात ती एकटीच बाजाराची भाषा बोलते. तिला एक तारीख हवी आहे. अनिश्चितता प्रेमानं भरून निघत नाही हे तिला दिसतं, आणि तिला ते दिसतं याचा राग एकनाथला येतो. मोठ्या अहवालांत ज्याला ‘घरगुती पातळीवरील जुळवून घेणे’ असं म्हणतात, ते असं असतं : एक लग्न हळूहळू उसवत जातं.

पण कादंबरीची एक मर्यादाही या वाचनात टोचली. सांजोळमध्ये भाव पावसासारखा पडतो. तो कुठून येतो, कुणी ठरवला, हे पात्रांना कळत नाही, हे ठीकच. पण कादंबरीलाही ते फारसं विचारावंसं वाटत नाही. व्यापारी दिसतो, अडत दिसते, त्यापलीकडे धुकं. दुसरी गोष्ट, ही जमीनवाल्या घराची कादंबरी आहे. ज्या बाया वेचणीला येतात, ओट्यात कापूस भरतात, किलोवर मजुरी घेतात, त्यांचं वर्ष कसं असतं? तनपुऱ्यांच्या घरावर आलेला धक्का त्यांच्या मजुरीवर किती उतरतो? धक्का नेहमी आणखी एक पायरी खाली जातो, आणि त्या पायरीवर कादंबरी क्वचितच उतरते.

ते धुकं ज्या पुस्तकानं माझ्यापुरतं दूर केलं ते नेमकं उलट्या बाजूनं लिहिलेलं आहे. स्वेन बेकर्ट या इतिहासकाराचं ‘एम्पायर ऑफ कॉटन’, 2014 चं. आपल्या पिढीत याचे तुकडे यूट्यूबच्या व्हिडिओंमधून फिरत असतात. त्यात आपलं वऱ्हाड चांगली जागा अडवून बसलेलं पाहून मी चकित झालो होतो.

गोष्ट थोडक्यात अशी. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केलं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर पडली. भाव कडाडले. मुंबईत त्या पैशावर शेअरचा असा ज्वर चढला की समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि तो सगळा फुगा फुटला. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. म्हणजे अमरावतीच, फक्त जहाजात चढताना नाव अर्धं राहिलेलं.

गंमत, म्हणजे गंमत नाही, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढची आहे. मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली 1867 मध्ये. खामगावची फाट्याची लाइन सुरू झाली 1870 मध्ये, तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. कापसासाठी खास कमिशनर नेमला गेला, रिव्हेट-कार्नाक नावाचा. तारायंत्र आलं आणि लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडात कळू लागला. म्हणजे ज्या भावासाठी हे सगळं उभारायचं ठरलं तो भाव विझल्यावर रूळ येऊन पोचले. भाव चार वर्षांचा होता, रूळ कायमचे. तोपर्यंत जमिनी ज्वारीकडून कापसाकडे वळल्या होत्या. पुढे मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वेही कापसासाठीच टाकली गेली. ती आता बंद आहे. कापूस चालू आहे.

लक्ष्मण सत्या यांनी 1850 ते 1900 च्या वऱ्हाडावर ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ हे पुस्तक लिहिलं आहे. शीर्षकातच दोन शब्द शेजारी ठेवलेत, कापूस आणि दुष्काळ, आणि पुस्तकभर त्यांचं नातं उलगडलं आहे. बाजारासाठी पिकवणारा प्रदेश भुकेच्या वर्षी जास्त उघडा पडतो, कारण धान्य विकत घ्यावं लागतं आणि त्याच वर्षी हातात पैसा नसतो.

बेकर्टचं पुस्तक मोठं आहे, आणि त्याचा आवाका खरोखरच दम लावणारा आहे. मिसिसिपी, मँचेस्टर, अलेक्झांड्रिया, खामगाव, सगळं एका धाग्यात. पण त्यात वऱ्हाडचा कास्तकार बोलत नाही. तो आकड्यांत येतो, साहेबांच्या पत्रव्यवहारात येतो, गाठींच्या संख्येत येतो. ‘बारोमास’मध्ये माणूस आहे आणि बाजाराच्या जागी धुकं, ‘एम्पायर ऑफ कॉटन’मध्ये बाजार आहे आणि माणसाच्या जागी धुकं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की मगच सुभानराव आणि लिव्हरपूल एका ओळीत दिसतात. असं तिसरं पुस्तक, ज्यात दोन्ही आहेत, मराठीत कुणीतरी लिहायला हवं. वऱ्हाडातून पुण्या-बंगळुरूला आलेली आमची एवढी पलटण आहे, डेटा काढता येतो, वऱ्हाडीही येते. मीम काढण्यापलीकडे आम्ही अजून गेलो नाही.

धक्का खाली जाऊ नये म्हणून मध्ये खरोखरची गादी घालायचा एक प्रयत्न महाराष्ट्रात झाला होता, आणि माझ्या वयाच्या पोरांना त्याचं नावही माहीत नसतं. कापूस एकाधिकार खरेदी योजना. कायदा 1971 चा, खरेदी 1972 पासून. राज्यातला सगळा कापूस फक्त शासनाच्या यंत्रणेनं घ्यायचा. कास्तकाराला हमी किंमत मिळणार, आणि बाजारात विकून नफा झाला तर त्यातला मोठा वाटा पुन्हा त्यालाच. नफ्यातला काही भाग मात्र बाजूला, किंमत चढउतार निधीत ठेवायचा, पडत्या वर्षासाठी. कागदावर हे इतकं नीट आहे की मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कुणीतरी चांगल्या इंजिनिअरनं आखल्यासारखं वाटलं. चढत्या वर्षात बफर भरा, पडत्या वर्षात रिकामा करा.

ते का बुडालं, हेही तितकंच शिकण्यासारखं आहे. हमी किंमत ठरवायचे ते निवडणूक पाहून; नव्वदच्या दशकात ती केंद्राच्या हमीभावाच्या वर नेली गेली आणि बाजार खाली असतानाही तीच राहिली. बफर पडत्या वर्षी रिकामा झाला, तो चढत्या वर्षी भरलाच नाही. शिवाय एकाधिकाराची भिंत राज्याच्या सीमेवर संपत होती. आपल्याकडे भाव जास्त असला की परराज्यातला कापूस आत यायचा, कमी असला की आपला कापूस रातोरात बाहेर जायचा. अमरावतीच्या वरुडहून मध्य प्रदेश हाकेच्या अंतरावर आहे, ट्रकला किती वेळ लागतो? म्हणजे यंत्रणेच्या वाट्याला तोट्याच्या वर्षी जास्त माल आणि नफ्याच्या वर्षी कमी. चुकारे महिनोनमहिने रखडायचे ते वेगळंच. 2002 च्या सुमारास एकाधिकार संपला. ‘बारोमास’ही त्याच वर्षी आली, बीटी कापसाला परवानगीही त्याच वर्षी मिळाली. योगायोग आहे, पण 2002 च्या वऱ्हाडाबद्दल कुणी एक पान लिहायचं ठरवलं तर या तीन गोष्टी पुरेशा आहेत.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचा आक्षेप आणखी मुळाशी होता : सरकारनं गादी घालायचं नाटक करण्याआधी भाव पाडायचं थांबवावं. तरुणपणी मला हे टोकाचं वाटायचं. 2022 आणि 2025 मधल्या त्या झडपेनंतर तितकं टोकाचं वाटत नाही. तरी मी पूर्ण त्यांच्या बाजूचा नाही. खुल्या बाजारात दोन्ही दिशांचा वारा येतो, आणि खारपाणपट्ट्यातल्या कोरडवाहू चार एकरवाल्याला उलटा वारा एकच हंगाम पुरतो.

सध्याचं उत्तर दोन ठिकाणी दिसतं. एक अमरावतीजवळ नांदगाव पेठला, पीएम मित्र टेक्स्टाइल पार्क, 1,000 एकरांचा. त्याची पायाभरणी सप्टेंबर 2024 मध्ये झाली, वर्ध्याच्या कार्यक्रमातून. कापूस इथंच पिकतो, तर सूत आणि कपडाही इथंच व्हावा, ही कल्पना मला मनापासून पटते. दीडशे वर्षं आपण गाठी बांधून दुसऱ्यांना देत आलो. मात्र त्यामागच्या पाच एफच्या सूत्राचा शेवट बघा : फार्म, फायबर, फॅक्टरी, फॅशन, फॉरेन. पायाभरणीला वर्षही झालं नव्हतं तोच पाचवा एफ 50 टक्क्यांनी महाग झाला. पुन्हा एका दूरच्या बाजारासाठी पक्कं बांधकाम. या वेळी निदान मजुरी इथं राहील, हा फरक लहान नाही.

दुसरं उत्तर मोबाइलमध्ये आहे. 2025 च्या हंगामात हमीभावानं सीसीआयला कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लागली : आधार, जमिनीचा कागद, कापसाचा पेरा. दलाल कमी व्हावेत म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण ॲप कुणाला ओळखतं ते पाहा. सातबारा ज्याच्या नावावर, त्याला. ठेक्यानं किंवा बटईनं वाहणारा, म्हणजे ज्यानं खरी जोखीम घेतली तो, फॉर्ममधल्या कुठल्याच चौकटीत सहज बसत नाही. आम्ही असे फॉर्म रोज बनवतो. एखादं फील्ड अनिवार्य करायला अर्धा मिनिट लागतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात कोण बाहेर पडलं याची मीटिंग कधीच होत नाही. शिवाय ओलाव्याची अट आहे. 12 टक्क्यांच्या वर ओलावा असला की केंद्रावर माल घेत नाहीत. त्या सप्टेंबरात विदर्भात पाऊस धो धो झाला होता, बोंडं झाडावरच भिजली होती. हमीभाव होता. हमीभावाच्या लायकीचा कापूस किती जणांकडे होता, हा वेगळा आकडा.

नोव्हेंबरात मी मामांना हे सगळं सांगत बसलो होतो; बेकर्ट, लिव्हरपूल, चढउतार निधी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एकाधिकाराचं नाव काढल्यावर मात्र खुलले, म्हणाले, “तवा आमचे बाबा दोन-दोन दिवस बैलगाडीवर झोपत, नंबर लागायची वाट पायत. भाव माहीत असे पण.” मग विचारलं, “ते जाऊ दे. आता इकावं का थांबावं?”

मला उत्तर येत नव्हतं. शुल्क पुन्हा लागणार की मुदत वाढणार, अमेरिकेशी करार होणार की नाही, यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत असावं ते मला फोन करत नाहीत. मामांनी अर्धा खेडा खरेदीवाल्याला दिला, हमीभावाच्या खाली. अर्धा समोरच्या खोलीत भरून ठेवला, छतापर्यंत. दिवाळीनंतर गेलो तेव्हा पाव्हण्यांना बसायची खोलीच नव्हती. मामी पोरांना तिकडं जाऊ देत नव्हत्या, अंगाला खाज सुटते म्हणून, आणि देवापुढचा दिवा त्यांनी स्वयंपाकघरात हलवला होता.